हात हलवत आलेला जावई

"नुसता हात हलवत आलाय!" डोम्निका स्वयंपाकघरात फणफणली. "एक मार्चला! माझ्या घरी!"

साऱ्या बुखारेस्टमधले पुरुष आज बायकांच्या छातीवर लाल-पांढऱ्या दोऱ्याचे मर्त्सिशोर टाचत हिंडत होते. वसंत आला ना! डोम्निकाच्या ब्लाउजवर तर रांगच लागली होती. नवऱ्याचा, शेजाऱ्याचा, अगदी पोस्टमनचासुद्धा. आणि हा गाव्रिल, तिच्या लेकीला मागणी घालायला आलेला, बाहेर मख्खासारखा बसला होता.

"आई, हळू. त्याला ऐकू जातंय," इलिंका म्हणाली.

"जाऊ दे की! कान तरी आहेत म्हणायचे. काडीभर अक्कल नाही आणि म्हणे लग्न करणार. मी नाही देणार हो तुला असल्या कंजुषाला."

जेवायला बसल्यावर तिने त्याला गाठलंच. "काय हो पाहुणे, तुमच्या बोतोशानीत वसंत येतो की नाही?"

"येतो की, काकू."

"मग बायकांना काही देता, की नुसतेच जेवता?"

गाव्रिलने हातातला घास ताटात ठेवला. "आमच्याकडे बायका देतात, काकू. पुरुषांना. मी सकाळपासून वाट बघतोय."

डोम्निकाचा नवरा, फनेल, भरल्या तोंडाने खो खो हसला. "वा रे पठ्ठ्या! फुकटातली रीत!"

"आणि पुरुष ते दोरे बांधून मिरवतात?" डोम्निकाने नाक मुरडलं. "लाज नाही वाटत?"

"नाही वाटत," म्हणत गाव्रिलने बाही वर केली. मनगटावर एक काळपट दोरा होता. त्यातला लाल कुठला, पांढरा कुठला, काही कळत नव्हतं.

"शी! हे काय?"

"मागच्या वर्षी इलिंकानं बांधलेला. मार्च संपला की झाडाला बांधून टाकायचा असतो. मी काम करतो त्या गॅरेजमधले सगळे हसतात. पण माझ्याच्यानं सोडवला नाही, काकू."

डोम्निकाने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळी त्याने टीव्हीवरची मॅच बघत बघतच तिच्या छातीवर मर्त्सिशोर टाचला होता. आणि गेल्या वर्षीचा? तो कसा होता, कुठे गेला, तिला काही केल्या आठवेना. एकदम रडू आल्यासारखं झालं, आणि रडू येतंय म्हणून आणखीच राग आला.

"साबणानं घासून धू तो मेला दोरा," ती गाव्रिलवर खेकसली. "लग्नाच्या फोटोत असला मळका चालायचा नाही मला."