दोलोचा हात

तालातोच्या हातच्या दोलोसाठी, म्हणजे ज्वारीच्या बिअरसाठी, कुपेलाच्या बाजारात लोक सकाळपासून ताटकळत बसायचे. म्हणूनच सासू तिला वागाडुगू शहरात नवऱ्याकडे जाऊ देत नव्हती. "तू गेलीस तर चुलीपाशी कोण बसणार? आधी तुझ्यासारखी दुसरी तयार कर, मग खुशाल जा," म्हणायची.

शेवटी नवऱ्याने, नोआगाने, दुसरं लग्न केलं आणि नवी बायको एडविज हिला गावी आणून सोडलं. तालातो आतून तुटली. तरी सुटकेच्या आशेने तिने सवतीला जीव ओतून शिकवलं. पण पोरीने एक रांजण करपवला, दुसऱ्यात उकळत्या रसातच खमीर ओतलं, तिसरा पार नासवला. गिऱ्हाइकं थुंकून उठून गेली.

"धंदा बुडवायचाय का माझा?" मुलगा गावी येताच सासू त्याच्यावर कडाडली. "ही बया तुझी तुला लखलाभ! घेऊन जा शहरात."

नोआगाच्या मोटारसायकलवर बसण्याआधी एडविजने तालातोचा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाली,

 

"ताई, रागावू नका. माझी आईही दोलोच विकते. तिच्या चुलीपाशी मी लहानपणापासून राबलेय."