आज एलपीजी

भंगारखान्यात गॅसनं लोखंड कापणाऱ्या कटरला सगळे घाईकाका म्हणायचे. एलपीजीचं नाव काढलं की त्यांचं डोकं फिरायचं. “लोखंड तापेपर्यंत माणूस म्हातारा होतो! मला आपलं झटपट तापवणारं ॲसिटिलीनच द्या.”

आज मात्र कापायला आलेल्या जुन्या ट्रकभोवती दोन चकरा मारून ते शेठपाशी आले. “शेठ, आज एलपीजी जोडतो.”

“आज सूर्य कुठं उगवलाय, काका? ॲसिटिलीननं दुपारपर्यंत मोकळे व्हाल की!”

“म्हणून तर नको.”

काकांनी ट्रकच्या मागच्या फाळक्यावरची धूळ बाहीनं पुसली. वारलेल्या धाकट्या भावानं, या ट्रकच्या ड्रायव्हरनं, स्वतः रंगवलेली अक्षरं अजून शाबूत होती : ‘दादा, जरा दमानं.’