सोलापूरचं फुलपाखरू

वेल उपटायची की नाही, हे दाक्षायणीला पाहुण्यांचा चहा संपायच्या आत ठरवायचं होतं.

बाहेरच्या खोलीत पुण्याचे प्रोफेसर भिंग लावून बसले होते. समोर काचेच्या पेटीत टाचलेलं, वीतभर पंखांचं काळं-पिवळं फुलपाखरू. चिठ्ठीवर तिच्या नवऱ्याचं, पंचाक्षरीचं, सुबक अक्षर: 'सदर्न बर्डविंग. कूळ पॅपिलिओनिडी. भवानी पेठ, सोलापूर. नोव्हेंबर १९७४.' हे फुलपाखरू सह्याद्रीच्या ओल्या रानातलं. सोलापूरच्या रखरखीत मुलखात ते कुणी पाहिलं नव्हतं. प्रोफेसरांनी मान डोलावली की नोंद छापून येणार, आणि पाच वर्षं कॉलेजात हंगामी म्हणून घासणारा पंचाक्षरी एकदाचा कायम होणार.

पण वेल आणली होती दाक्षायणीनं. दसऱ्याला ती माहेरी गेली, तेव्हा आईनं विंचवाकाट्याला औषध असू दे म्हणून सह्याद्रीतल्या शिरसीच्या रानातली ईश्वरीची वेल डालड्याच्या डब्यात लावून दिली. एस्टीत मांडीवर घेऊन तिनं ती आणली. काल त्या वेलीच्या पानाआड तिला एक फुटलेला, रिकामा कोश दिसला; अळी वेलीवर बसूनच आली होती. म्हणजे हे फुलपाखरू सोलापूरचं नव्हेच. तिच्यासारखंच शिरसीहून आलेलं!

नवऱ्याला सांगायचं कसं? भाबडा माणूस. खोटं त्याला पचत नाही, लगेच सगळं कबूल करून मोकळा होईल. पुस्तकातून मान वर काढून तो परसात कधी बघतो म्हणा! पाप लागलं तर मला लागू दे, असं पुटपुटत ती मागच्या दारी गेली.

डबा रिकामा होता. माती उकरलेली, आणि वेल मुळासकट गेलेली.

घरात माणसं दोनच.

बाहेरून प्रोफेसरांचा आवाज आला, "काय हो, घरात परगावाहून आणलेली एखादी वेलबिल होती का?"

"छे हो सर," पंचाक्षरी हसून म्हणाला. "पाहिजे तर हिलाच विचारा की."

किती सहज बोलला! इतके दिवस तिला त्याच्या नोकरीची धास्ती होती. आता त्याचीच वाटली. पदर सावरून ती दारात येऊन उभी राहिली.

"होती, सर," ती म्हणाली. "काल संध्याकाळपर्यंत होती."