दुसरं काहीही नाही

तो माणूस पाकिटाची मागची बाजू वाचत होता. वाचून झाली की पुन्हा वरून सुरू करत होता.

गुऱ्हाळाच्या ओट्यावर बसलेली वच्छलाबाई बराच वेळ हे बघत होती. शेवटी तिने रस उकळायच्या काहिलीपाशी उभ्या असलेल्या मुलाला हाक मारली.

"माऊली, हिकडं ये. ह्यो बघ, परीक्षेला बसल्यावानी पाकीट वाचतोय."

माऊली हात पुसत आला. राहू गावच्या शिवारातलं हे गुऱ्हाळ त्याचं. वर्षापूर्वी त्याच्या बायकोने, हर्षदाने, पाकिटं छापून घेतली होती. पुढे 'रसायनमुक्त गूळ'. मागे 'घटक : उसाचा रस, भेंडीचा रस, चुना. दुसरं काहीही नाही.' त्याखाली मालक म्हणून हर्षदाचं नाव. पुण्यातली दुकानं या मागच्या बाजूवरच माल उचलत होती. तिथली गिऱ्हाइकं आधी पाकीट उलटं करतात, मग किंमत विचारतात.

महिन्यापूर्वी नदीपलीकडच्या एका गुऱ्हाळाला सील लागलं होतं. पाकिटावर एक आणि काहिलीत दुसरंच, म्हणून.

"काय पायजे, साहेब?" माऊलीने विचारलं.

"मी साहेब न्हाई."

"मग?"

"गिऱ्हाईक."

साठीचा माणूस. शर्ट धुवट, खिशाला पेन. त्याने वेगवेगळ्या तारखांची पाकिटं विकत घेऊन तिथेच फोडली होती. प्रत्येकातला तुकडा तो जिभेवर ठेवायचा, डोळे मिटायचा आणि मान हलवायचा. उरलेला तुकडा वेगळ्या कागदात बांधायचा. माऊलीची नजर त्या पुड्यांवरून हलेना.

"ह्यात काय काय घालता?"

"छापलंय की."

"ते वाचलं. मी तुम्हाला इचारतोय."

"उसाचा रस. मळी काढायला भेंडी. जरासा चुना."

"आन्?"

"आन् काय? खाली जाळ."

माणूस हसला नाही. "उन्हाळ्यातला माल हाय का शिल्लक?"

"न्हाई. का?"

"तवाचा गूळ पिवळाधमक होता. ह्यो काळपट हाय."

"ऊस बदलला की रंग बदलतोय."

"आन् चव? तवाचा गूळ गिळल्यावर जिभेवर जरा खारट लागायचं."

खारट हा शब्द तपासायला येणारे वापरतात. पांढरी पावडर घातली की गूळ पिवळा निघतो आणि मागून खारट लागतो. सील लागल्याची बातमी आली त्याच दिवशी माऊलीने पावडरीच्या पिशव्या चिपाडाच्या ढिगाखाली सारल्या होत्या. त्यानंतर चिमूटभरही घातली नव्हती. पाकिटावरचा मजकूर आता अक्षरन्‌अक्षर खरा होता. आधीचं कुणी विचारू नये, एवढंच.

"गाव कुठलं तुमचं?"

"न्हावरं. अल्लाबक्ष माझं नाव."

"मग चाचा, गुळासाठी एसटीनं एवढ्या लांब कशापायी?"

"शिरूरला हिंडलो, दौंडला हिंडलो. सगळीकडं ह्योच काळा. म्हणलं जिथं करतात तिथंच जावं." अल्लाबक्षने पुड्या पिशवीत ठेवल्या. "माझी बायको तुमचाच गूळ खायची. शेवटी शेवटी दुसरं काय पोटात ठरतच नव्हतं. भाकरीला हात लावायची न्हाई. ह्योच मागायची."

"शेवटी म्हंजी?"

"गेली ती."

वच्छलाबाईने हातातलं सूप खाली ठेवलं.

"काय झालं होतं?" माऊलीने विचारलं.

"पोटाचं दुखणं. डॉक्टरांनी इचारलं, काय खाते. मी पाकीट दावलं. त्यांनी मागची बाजू वाचली. म्हणले, ह्यात वाईट काय न्हाई, खाऊ द्या."

माऊली ओट्याच्या कडेला टेकला. त्याला त्या पुड्या कळल्या, खिशाचं पेनही कळलं; हा पुरावा गोळा करत होता. केस झाली तर ती हर्षदावर होणार होती. तिला पावडरीचं काही ठाऊकच नव्हतं.

"खरं सांगा," अल्लाबक्ष म्हणाला. "तवा काय घालत होता?"

"छापलंय तेच."

"न्हाई."

"चाचा, मी सांगतोय ना..."

"अरं, सांगून मोकळा हो की मुडद्या!" वच्छलाबाई ओरडली. "माणसाची बायकू गेलीया आन् ह्यो पाकीट वाचून दावतोय! घालत होता बाबा, पांढरी पावडर घालत होता. समदेच घालत्यात. आता बंद केलीया, बिरोबाची आण."

"आई!"

"गप बस. तोंड वर करून बोलू नगंस."

मागे काहिलीत रस रटरटत होता. माऊली उठला आणि अल्लाबक्षच्या पायांकडे वाकला.

"चाचा, चुकलं माझं. माझ्यावर काय करायची ती केस करा. बायकोला ह्यात ओढू नका. तिला ह्यातलं काय म्हाईत न्हाई. आता ह्या गुळात तसलं काय म्हंजी काय न्हाई. पायजे तिथं तपासून घ्या."

अल्लाबक्षने त्याला दंडाला धरून उभं केलं.

"सगळी पावडर टाकून दिली?"

माऊलीने मान हलवली. नाही. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने चिपाडाच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

अल्लाबक्षने त्या ढिगाकडे बघितलं.

"उद्या तिचा चाळिसावा दिस हाय," तो म्हणाला. "तिच्या नावानं फातिहा पढायचाय, त्याला तिच्या आवडीचा मलिदा ठेवायचाय. तुमच्या ह्या चांगल्या गुळाचा करून बघितला, पर तो तिचा लागंना. तेवढी पावडर घालून एक ढेप काढून द्या की, माऊली."