शहाण्णव नंबरची बाई

बावन्न नंबरच्या आजी उठल्या आणि माइकची वाट न बघता म्हणाल्या, "मिळाले. आणि मिळाल्या मिळाल्या सुनेने मोजूनही घेतले."

हॉलमध्ये हशा पिकला. तपासणीला आलेल्या सरकारी बाईंनीही हसून पेन्सिलीने खूण केली. यादी वाचणारा हिशेबनीस तेवढा हसला नाही. तो मागच्या दाराकडे बघत होता.

मेव्हणी अजून आली नव्हती.

संस्था एकट्या पडलेल्या बायकांना दरमहा मदतीचे पाकीट देत असे. निम्मे पैसे सरकारचे होते आणि यंदा सरकारने नवी अट घातली होती. यादी पंधरा दिवस फाटकापाशी लावायची, मग सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायची. नाव आले की त्या बाईने उभे राहून 'मिळाले' किंवा 'नाही मिळाले' सांगायचे. कोणीच उभे राहिले नाही, तर दुसऱ्या दिवशी तपासणीच्या बाई तिच्या घरी जाणार.

शहाण्णव नंबरच्या बाईला घर नव्हते. तशी कोणी बाईच नव्हती. हिशेबनिसाने तिला कागदावर जन्माला घातले होते.

गेल्या वर्षी बायकोचे दुखणे वाढले. साठवलेले संपले, मेव्हणीच्या बांगड्या गेल्या, मग उसने देणारे त्याला बघून रस्ता बदलू लागले. एका दुपारी सगळे जेवायला गेले असताना त्याने एक अर्ज स्वतःच भरला. नाव, नवऱ्याचे नाव, आडनाव, तिन्ही इतकी साधी घेतली की कोणाच्या डोळ्यांत भरू नयेत. पत्ता गोदामामागच्या गल्लीचा दिला. तिथे भाडेकरू येतात-जातात, कोणी कोणाला धड ओळखत नाही. महिन्याच्या पाकिटात औषधांचा निम्मा खर्च निघे.

तरी बायको गेलीच. दोन महिने झाले. नंतरची दोन पाकिटे त्याने उघडली नव्हती. तिच्या कपाटात तशीच ठेवली होती. नाव मध्येच काढायचे तर कारण द्यावे लागते, आणि कारण दिले की चौकशी लागते. म्हणून तो वर्ष संपायची वाट बघत होता. नेमकी तेवढ्यात ही अट आली.

मनाला तो एकच गोष्ट सांगत आला होता. आपण कोणाच्या तोंडचा घास काढलेला नाही. जी नाहीच, तिचे घेतले.

यादी फाटकाला लागली त्या संध्याकाळी तो मेव्हणीकडे गेला आणि सगळे सांगून टाकले. ती भांडी घासत होती. ऐकताना तिचा हात थांबला नाही.

"ताईला माहीत होतं?" तिने विचारले.

"नाही."

"बरं झालं. नाहीतर तिने एक गोळी घशाखाली घातली नसती."

तिने शेवटचे भांडे पालथे घातले. मग म्हणाली, "येईन मी. पण एकच शब्द बोलेन, भाऊजी. दुसरा विचारला तर माझ्याच्याने व्हायचं नाही."

सत्तर झाले. पंचाहत्तर झाले. तो सावकाश वाचू लागला. मध्येच पाणी प्यायला, चष्मा पुसला, पान उलटताना दोन पाने चिकटल्यासारखे केले. तपासणीच्या बाई म्हणाल्या, जरा भरभर घ्या, लोकांना घरी जायचे आहे. एकोणऐंशी नंबरची बाई म्हणाली, घरी कोण वाट बघतंय, बसू द्या की पंख्याखाली. पुन्हा हशा. त्याने कागद टेबलावर ठेवला आणि तो वाकून वाचू लागला.

अठ्ठ्याऐंशीला दार उघडले. मेव्हणी आत आली आणि शेवटच्या रांगेत बसली. तिने त्याच्याकडे पाहिले नाही.

पंचाण्णव झाले. त्याने शहाण्णव नंबर उच्चारला आणि नाव वाचले. मग गल्लीचे नावही वाचले. तो खोकल्याचे निमित्त करून थांबला.

मेव्हणी उभी राहिली. "मिळाले."

तपासणीच्या बाईंनी पेन्सिल टेकवली, पण खूण केली नाही. मान वर करून मागे पाहिले.

"दर महिन्याला?"

हिशेबनिसाने डोळे मिटले.

"हो," मेव्हणी म्हणाली. "दर महिन्याला."

खूण झाली. मेव्हणी खाली बसली. त्याने डोळे उघडले तेव्हा शर्ट पाठीला चिकटला होता. आता फक्त शेवटची वीस-पंचवीस नावे, मग सही, मग चहा. उद्या ती दोन पाकिटे कोणाच्या तरी नावाने देणगीत भरून टाकू, असे त्याने तिथल्या तिथे ठरवले.

"सत्त्याण्णव," तो वाचू लागला.

"थांबा जरा."

पुढून तिसऱ्या रांगेत एक किडकिडीत बाई उभी राहिली होती. हातात ओळखपत्र होते. सगळ्यांचा खोळंबा केल्यासारखी ती ओशाळून बोलत होती.

"तुमचा नंबर कितवा?" तपासणीच्या बाईंनी विचारले.

"शहाण्णवच असेल. नाव माझं आहे, नवऱ्याचंही बरोबर आहे, गल्लीही आमचीच. पण मला नाही मिळाले, बाई. वर्षात तीनदा अर्ज केला, आणि तिन्ही वेळा खिडकीवरच्या मुलीने सांगितलं, तुमच्या नावावर आधीच चालू आहे."