विळ्याची मूठ

चर्चची घंटा वाजली तेव्हा क्लेमेन्सचा निम्मा गहू कापायचा राहिला होता. लढाई जाहीर झाली होती आणि गावातल्या सगळ्या गड्यांसारखी त्यालाही सैन्यात हजर व्हायची घाई. “भांडण सर्बियाचं, मग तू फ्रान्सवर कशाला चाललास?” बायकोनं विचारलं. “सर्बियानं आपल्या दोस्त ऑस्ट्रियाची कुरापत काढली. सर्बियामागे रशिया, रशियामागे फ्रान्स. आपण जर्मन लोक दोस्ताला वाऱ्यावर सोडत नाही. पानं गळायच्या आत परततो. विळा तसाच ठेव, उरलेलं मीच कापीन.” “तोवर गहू थांबेल होय?” तिनं लांब दांड्याचा विळा उचलला. त्याच्या उंचीला बसवलेल्या मुठीची पाचर दगडानं ठोकून काढली आणि मूठ स्वतःच्या मापानं वीतभर खाली सरकवली. “एका हंगामासाठी एवढा खटाटोप?” त्याला हसू आलं. “हंगाम किती, ते तुझ्या दोस्तांना विचारून ये,” म्हणत तिनं पाचर घट्ट ठोकली.