फौझियाचा निकाह

"जुन्या काळच्या मालिकांत बापाचा शब्द शेवटचा," रातिब मुलाखत घ्यायला आलेल्या बाईंना सांगत होते. "घरी मला चहासुद्धा दोनदा मागावा लागतो. शिवाय इथे एक सोय आहे. बाप नाही म्हणून बसला, तरी पुढच्या भागात लेखक त्याला फिरवतो. घरी कोण फिरवणार?"

बाई हसल्या. नवरीच्या वेषात मागे उभी असलेली त्यांची मुलगी जुमाना काही हसली नाही. वद्दाह मागणी घालायला आला होता, तेव्हा बाबांनी त्याला कॉफीसुद्धा न विचारता वाटेला लावलं होतं आणि मग तिला सुनावलं होतं, "नटाला मुलगी देणार नाही. मी स्वतः नट आहे, तुझ्या आईने काय भोगलं ते मला विचार!"

आणि आज तेच बाबा त्याच वद्दाहला तीच मुलगी देणार होते. रमजानच्या मालिकेत, फौझिया आणि शफीक म्हणून.

जुमानाचा जीव थाऱ्यावर नव्हता. आज चित्रीकरण संपलं की वद्दाह कामासाठी दुबईला जाणार होता, आणि तिथून कधी परतेल याचा नेम नव्हता.

"खोट्या लग्नाला होकार, खऱ्याला नकार," वद्दाह कुजबुजला. "काय नशीब काढलंय मी!"

"हळू बोल. त्यांचं आधीच बिनसलंय."

खरंच बिनसलं होतं. सकाळपासून तालमीत बाबा नावांपाशी येऊन अडखळत होते. बाबा थकले, या विचाराने तिला गलबलून आलं.

"उस्ताद, नावं तेवढी सांभाळा," दिग्दर्शक हैसम म्हणाला. "पात्रांचीच घ्यायची. निकाहाचे शब्द थट्टेत उच्चारले तरी निकाह खराच लागतो म्हणतात. नसती भानगड नको."

"तू जन्मायच्या आधीपासून पडद्यावर पोरींची लग्नं लावतोय मी," बाबा खेकसले. "मला शिकवतोस?"

निकाह लावणाऱ्या शेखच्या भूमिकेसाठी त्यांनी हट्टाने गल्लीतल्या मशिदीतले शेख नुमान यांना आणलं होतं. डकवलेल्या दाढीचा शेख म्हणे त्यांना बघवत नाही. हैसमने कपाळाला हात लावला होता, पण उस्तादांपुढे कोण बोलणार?

कॅमेरा सुरू झाला. जुमाना बायकांसोबत पडद्याआड बसली. शेख पडद्याजवळ आले.

"मुली, तुझ्या वतीने बोलायचा अधिकार वडिलांना देतेस?"

"देते."

"मनापासून?"

हे संहितेत नव्हतं. नवखा माणूस, पदरचं घालतोय, असं तिला वाटलं. पण पडद्याच्या फटीतून वद्दाह समोर अंगणात बसलेला दिसत होता, आणि खोटं बोलणं तिला जमेना.

"मनापासून," ती म्हणाली.

अंगणात बाबांनी वद्दाहचा हात हातात घेतला. दोन साक्षीदार सरसावून बसले.

"वद्दाह, माझी मुलगी जुमाना, तिच्या संमतीने, मी तुला निकाहात दिली."

"कट!" हैसम ओरडला. "उस्ताद, अहो नावं! नेमकी तीच चुकलात! पुन्हा घेऊ या."

कुणीतरी फिसकन हसलं. जुमानाने शरमेने मान खाली घातली. वद्दाह हात सोडवून उठू लागला, पण बाबांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

"तुझा कॅमेरा खुशाल बंद कर, हैसम," ते म्हणाले. "पण आधी या मुलाला उत्तर देऊ दे."